उड्या मारणारं पिल्लू आणि अंगणातले पोट्टे : दोघांना एकत्र कसं वाढवायचं

पिल्लू घरी आलं की बातमी आळीभर व्हायला वेळ लागत नाही. संध्याकाळी शाळा सुटली की दप्तरं ओसरीवर पडतात आणि अंगण पोट्ट्यांनी भरून जातं. कोणी शेपटी धरतं, कोणी उचलायला बघतं, बाकीचे ओरडत पळतात. पिल्लू मागे लागतं, फ्रॉकचा घेर दातात धरतं, कोणीतरी आपटतं, कोणीतरी रडतं आणि आतून मोठं माणूस काठी घेऊन येतं. आठवडाभर रोज असं झालं की पिल्लू ‘चावरं’ ठरतं आणि कोठ्यात खुंट्याला बांधलं जातं. मग ते खरंच चावरं व्हायला लागतं.

पिल्लाच्या बाजूनं पाहिलं तर त्यानं वावगं काही केलेलं नसतं. भावंडांत असताना खेळ म्हणजे पळणं, पाठलाग, दातात धरणं आणि चिरक्या आवाजात ओरडणं. तीन-चार वर्षांचं मूल नेमकं हेच करतं, तेही पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर. त्याला वाटतं, आपल्यातलंच कोणी खेळायला बोलावतंय. म्हणून नुसत्या पिल्लाला शिकवून भागत नाही. निम्मं शिक्षण पोट्ट्यांचं आहे, आणि खरं सांगायचं तर ते निम्मं जास्त अवघड आहे.

आणण्याआधी

गावात पिल्लू बहुतेक वेळा विकत आणलं जात नाही. कोणाच्या तरी कुटाराच्या ढिगाआड कुत्री व्यालेली असते आणि महिनाभराचं झालं की पोरं एकेक पिल्लू उचलून नेतात. आई जिवंत असेल, दूध पाजत असेल तर आठ आठवडे होईपर्यंत थांबा. जोरात चावलं की भावंडं खेळ सोडून देतात, आई गुरकावते. दात किती दाबायचे हे पिल्लू तिथंच शिकतं. लवकर उचललेल्या पिल्लाला तो धडा तुम्हाला द्यावा लागतो. तोवर मुलांना तिथंच नेऊन दुरून दाखवा.

पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असतं त्या काळात जे शांतपणे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला पुढे जन्मभर नेहमीचं वाटतं. मुलांचा आवाज, सायकल, ट्रॅक्टर, काठी टेकत येणारी आजी, कोंबड्या, बैल, सगळं याच वयात दाखवायचं. दाखवायचं म्हणजे त्यात सोडायचं नाही. दुरून, तुमच्याजवळ बसवून.

तालुक्याच्या किंवा जवळच्या मोठ्या गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात जाऊन या. पार्व्हो, डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांवरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, नंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. जंताचं औषध मात्र विसरू नका, कारण त्याचा संबंध थेट मुलांशी आहे. पिल्लाच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातातून तोंडात. अंगणातली घाण रोज उचलून लांब खड्ड्यात पुरा. पिल्लाशी खेळून झालं की साबणानं हात धुवायचे, हा नियम अंगणवाडीतल्या नियमाइतकाच पक्का असू द्या. गोचीडही बघत जा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात.

पायरी पहिली : झोप आणि पोतं

पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. हे बहुतेकांना ठाऊक नसतं. संध्याकाळी सैरभैर होऊन जो दिसेल त्याचे पाय धरणारं पिल्लू अनेकदा मस्तीला आलेलं नसतं, झोपेला आलेलं असतं. दिवसभर पोरांनी त्याला झोपू दिलेलं नसतं.

एक तागाचं पोतं घ्या, धुऊन वाळवा, दुहेरी घडी करा. ही पिल्लाची जागा. ओसरीच्या कोपऱ्यात, सावलीत, लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत नाही अशा ठिकाणी टाका. बाजारात महागड्या गाद्या मिळतात, त्यांची काही गरज नाही. पोत्याचा फायदा असा की उचलून वावरात नेता येतं, बहिणीच्या गावाला नेता येतं, आणि पिल्लाची जागा त्याच्यासोबत जाते. जंगलाला लागून घर असेल, ताडोबा किंवा मेळघाटाच्या बाजूला, तर रात्री पोतं घराच्या आत. बिबट्याला अंगणातलं कुत्रं सोपी शिकार असते.

पहिले दोन दिवस शिकवायचं काही नाही. पिल्लू आपणहून पोत्यावर गेलं की गपचूप खाण्याचा एक तुकडा त्याच्या पुढच्या पायांत ठेवा. बस्स. तिसऱ्या दिवसापासून पोत्याकडे हात दाखवून ‘जागेवर’ म्हणा, गेलं की तुकडा. बसलं की आणखी एक. आडवं होऊन मान टेकवली तर दोन-तीन. तुकडा हातातून उंच धरून देऊ नका, पोत्यावर खाली ठेवा. वर पाहायची सवय लागली की उड्या आल्याच. दोन-तीन मिनिटांचा एक धडा, दिवसातून चार-पाच वेळा. त्याहून लांबवलं की पिल्लाचं लक्ष उडतं आणि तुमचाही पारा चढतो.

तुकडा म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. उकडलेलं अंडं, बिनमिठाची उकडलेली कोंबडी, भाकरीचा कण, काहीही चालेल. रश्श्यातला तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो आणि आपल्या सावजी रश्श्यात दुसरं असतं काय! मनुका, चॉकलेट, शिजवलेली हाडं हेही नाही.

घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा. बाबा ‘बस’ म्हणतात, मोठा पोरगा ‘बैठ’ म्हणतो आणि मुंबईहून आलेला काका ‘सिट’, अशा घरातलं पिल्लू तिघांचंही ऐकत नाही.

पायरी दुसरी : चार पाय जमिनीवर

पिल्लू उडी मारतं ते लक्ष वेधायला. आपण ‘हाड, हाड’ करतो, हातानं ढकलतो, म्हणजे त्याला हवं ते लक्षच देतो. पिल्लाच्या हिशेबात ढकलणं हाही खेळच.

उडी आली की हात छातीशी घ्या, तोंड फिरवा, बोलू नका. चारही पाय खाली टेकले त्याच क्षणी खाली वाकून हळू आवाजात बोला, छातीवर हात फिरवा, तुकडा द्या. पुन्हा उडी, पुन्हा पाठ. उडीला भाव नाही, शांत उभं राहण्याला भाव, एवढाच हा सौदा. पहिले काही दिवस उड्या वाढतील, कारण जुनी युक्ती चालेना म्हणून ते जोर लावून बघतं. नेमकं तेव्हा कोणीतरी, बहुतेक वेळा घरातले आजोबा, ‘जाऊ दे, लेकरू आहे’ म्हणत उचलून घेतात आणि गाडी मागे येते. आजोबांना आधीच विश्वासात घ्या.

मग ‘बस’. तुकडा नाकाजवळून डोक्याच्या मागे न्या, बूड आपोआप टेकतं, टेकलं की तुकडा. हे बहुतेक पिल्लं फार पटकन शिकतात. खरं काम पुढे आहे : कोणीही माणूस जवळ आलं की आधी बसायचं, तरच तो माणूस हात लावतो. दूधवाला येवो की शेजारची वहिनी, सर्वांना हेच सांगा.

पायरी तिसरी : दात

दुधाचे दात २८, सुईसारखे. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू सगळं चावतं, चप्पल, दावं, पायाचा अंगठा.

जुन्या सुती धोतराची किंवा साडीची पट्टी गाठी मारून, भिजवून, फ्रीज असेल तर गार करून द्या. गाजरही चालतं. कापडाचे धागे निघायला लागले की फेकून द्या, पिल्लू गिळतं. हाताला दात लागले की खेळ तिथंच थांबवा, उठून अर्धा मिनिट दूर व्हा, परत आलात की हाताऐवजी ती पट्टी पुढे करा. हात हे खेळणं नाही हे घरातल्या मोठ्या पुरुषांनाही सांगावं लागतं; पिल्लाशी पंजा लढवायची हौस त्यांनाच जास्त. त्यांच्या जाड हातावर पिल्लू जे शिकतं, ते पुढे दोन वर्षांच्या मुलाच्या गालावर करून बघतं.

चपलेनं मारणं, तोंड दाबून धरणं, पाठीवर पाडून दाबणं, यानं पिल्लू शांत होत नाही, घाबरतं. आणि मुलं जवळ असतानाच दर वेळी मार बसत असेल तर त्याच्या डोक्यात मूल आणि मार यांची जोडी पक्की होते.

पायरी चौथी : पोट्ट्यांची शाळा

पिल्लू आणि मुलं समोरासमोर आणण्याआधी एका संध्याकाळी पिल्लाला आत ठेवा आणि आळीतल्या पोरांना ओसरीवर बसवा. चिवडा-मुरमुरे दिले तर सगळी येतात. मोजके नियम सांगा, ज्यांत ‘नको’पेक्षा ‘असं करा’ जास्त असेल.

पिल्लू पोत्यावर असेल तर त्याला कोणीही हात लावायचा नाही, जागं असलं तरी नाही. खात असेल तेव्हा नाही. उचलायचं कोणीच नाही. हात लावायचा तर बसून, छातीला किंवा खांद्याला, डोक्यावरून नाही. तीनदा हात फिरवायचा आणि थांबायचं. पिल्लू जवळ सरकलं तर पुन्हा, तोंड फिरवलं तर पुरे.

अंगावर आलं तर काय करायचं, हे मुलांना सांगून पटत नाही, खेळून पटतं. ‘स्टॅच्यू’ सगळ्यांना येतो. तुम्ही ‘स्टॅच्यू!’ म्हणालात की जागच्या जागी उभं, हात छातीवर दुमडलेले, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंड बंद. हे पिल्लाशिवाय आधी भरपूर खेळा, पळता पळता, ओरडता ओरडता. हलत नाही, आवाज करत नाही अशा मुलात पिल्लाला रस उरत नाही. ते हुंगतं आणि निघून जातं. मोठ्या, अनोळखी कुत्र्यापुढेही पळण्यापेक्षा हेच उपयोगी, त्यामुळे हा खेळ फुकट जात नाही. पडलंच तर गुडघे पोटाशी घेऊन, कान-मान हातांनी झाकून दगडासारखं पडून राहायचं.

चार वर्षांखालच्या मुलांना हे नियम सांगण्यात अर्थ नाही. त्यांचा नियम मोठ्यांसाठी आहे : लहान मूल आणि पिल्लू, मध्ये मोठं माणूस, हाताच्या अंतरावर.

पायरी पाचवी : भेट

आता दोघं एकत्र. सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, पिल्लाची झोप झालेली, शी-शू झालेली, थोडं पळवून आणलेलं. एप्रिल-मे मध्ये दुपारी हा खटाटोप करू नका. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशात धापा टाकणाऱ्या पिल्लाला ना ऐकू येतं ना सुचतं, आणि तापलेल्या फरशीवर त्याचे पाय भाजतात.

पट्टा आणि पाच-सहा फुटांची मऊ दोरी, तिचं टोक तुमच्या हातात. खुंट्याला नाही. खुंट्याला बांधलेल्या पिल्लाला मूल नको झालं तर मागे सरकता येत नाही, मग ते दातानं सांगतं.

सुरुवातीला मूल एकच, आठ-दहा वर्षांचं, त्यातल्या त्यात शहाणं. ते दहा-बारा फुटांवर ओसरीच्या कडेला बसेल आणि काहीही करणार नाही. पिल्लू पोत्यावर. त्यानं मुलाकडे पाहिलं आणि गप्प राहिलं, की तुकडा. तुमच्याकडे वळून पाहिलं तर दोन. अंतर बरोबर आहे की नाही हे कळायला सोपी खूण आहे : तुकडा खातंय आणि नावाला कान हलवतंय तर ठीक. आवडीचा तुकडाही नाकारतंय, दोरी ताणतंय, तर आपण फार जवळ आलो. पोतं उचलून चार फूट मागे.

इथून पुढे एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. आधी मूल उभं राहील. मग हळू चालेल. मग बोलेल, हसेल. मग चेंडू टाकेल, सायकलचा टायर फिरवत जाईल. शेवटी पळेल, आधी लांबून. मूल जवळ आणताना पळणं बंद, पळवताना अंतर जास्त. मग दुसरं मूल, मग तिसरं. एखादी पायरी दोन दिवसांत होते, एखादीला दोन आठवडे लागतात. पळणारी मुलं ही बहुतेक पिल्लांची सगळ्यात कठीण पायरी, तिथं घाई नको.

मूल अगदी जवळ आल्यावर तुकडा मुलानं द्यायचा, पण पसरलेल्या तळहातावर, नाहीतर जमिनीवर टाकून. चिमटीत धरलेला तुकडा म्हणजे बोटाला दात. आणि एक वेगळा सराव भाकर हातात घेऊन हिंडणाऱ्या लहानग्यांसाठी हवाच. तुम्ही स्वतः खाली बसून बंद मुठीत भाकर धरा. पिल्लू चाटेल, पंजा मारेल. मूठ उघडू नका. ते मागे सरकलं की दुसऱ्या हातातला तुकडा द्या. जमायला लागलं की तळहात उघडा ठेवून करा. तोपर्यंत लहानगं खात असेल तेव्हा पिल्लू दोरीवर.

कोणी घरी नसेल तेव्हा

गावातला खरा पेच हा आहे. सोयाबीन काढणीला किंवा कापूस वेचणीला सगळे वावरात जातात. घरी आजी, दोन नातवंडं आणि पिल्लू. आजी उठून धावू शकत नाही. अशा वेळी शिकवण्यावर विसंबू नका, आड लावा. कोठ्याच्या दाराला अर्ध्या उंचीची फळी ठोका, किंवा मधल्या खोलीच्या दारात खाट उभी करून लावा. आत पाणी, पोतं, चावायची पट्टी. किंवा पिल्लाला वावरात सोबत न्या. रांगणारं बाळ जमिनीवर आणि पिल्लू मोकळं, असा एक क्षणही नको, पिल्लू कितीही गुणी झालेलं असो.

‘असं शांत केलं तर राखण कशी करेल?’ हा प्रश्न हमखास येतो. म्हणूनच काही जण पिल्लू मुद्दाम दिवसभर बांधून ठेवतात, तापट व्हावं म्हणून. पण तापट कुत्र्याला चोर आणि शेजारचं पोरगं यांतला फरक कळेलच असं नाही. अनोळखी माणूस फाटकाशी आला की भुंकणं कुत्र्याच्या अंगातच असतं, ते वर्षाच्या आसपास आपोआप येतं. वावरात रोही (नीलगाय) आणि रानडुकरांवर भुंकायलाही त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मुलांत वावरताना शांत असणारं कुत्रं उलट भुंकलं तर घरचे उठून बघतात.

खुणा ओळखा

पिल्लू नाराज आहे हे आधी अंगानं सांगतं. झोप नसताना जांभई, ओठ चाटत राहणं, तोंड फिरवणं, शेपूट पोटात, कान मागे, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसणं. एकदम पुतळ्यासारखं थिजणं ही सगळ्यात गंभीर खूण. तिथं मुलाला शांतपणे बाजूला घ्या. गुरगुरलं तर रागवू नका. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता चावतं. त्याला जागा द्या आणि ते कशामुळे गुरगुरलं ते शोधा. कान दुखत असेल, पोटात जंत असतील. एकदम स्वभाव बदलला तर आधी डॉक्टर.

दात लागलेच तर

खेळताना नुसता ओरखडा आला, घरचंच पिल्लू आहे, असं म्हणून सोडू नका. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून, कारण मूल रडत असलं की दोन मिनिटंही खूप वाटतात. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका, आणि झाडपाला देणाऱ्याकडे जाण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. रेबीजची त्वचेत देतात ती लस साधारणपणे ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही देतात. एकही डोस चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार संशयित रेबीज असलेल्या जनावरानं चावलेल्यांमध्ये साधारण ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. मुलं अनेकदा मार बसेल म्हणून ओरखडा लपवतात. सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही, हे ओसरीवरच्या त्या शाळेतच सांगून ठेवा.

सहा महिन्यांनंतर आणि सणावाराला

सहा ते दहा महिन्यांच्या आसपास बहुतेक पिल्लं सगळं विसरल्यासारखी वागतात. उड्या परत येतात, हाक मारली तर ऐकत नाहीत. वय तसं असतं. दोरी पुन्हा काढा, अंतर पुन्हा दहा-बारा फुटांवर न्या, पाचवी पायरी पहिल्यापासून. या वेळी ती भराभर होते. डॉक्टरांना नसबंदीचं योग्य वयही याच सुमारास विचारून घ्या.

तान्ह्या पोळ्याला गावभरची पोरं लाकडी बैल सजवून ओढत घरोघरी येतात. चाकांचा खडखडाट, झिरमिळ्या, घोळका, आणि सगळं पिल्लाच्या नाकासमोरून. पहिल्या वर्षी ही परीक्षा घेऊ नका. त्याला आधी फिरवून आणा, मागच्या खोलीत पोतं टाका, चावायला काहीतरी द्या, दार लावा. दिवाळीच्या फटाक्यांनाही तेच. लग्नाला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली पाहुण्यांची मुलं तुमचे नियम जाणत नाहीत. त्यांना स्टॅच्यू शिकवायचं काम तुमच्याच पोट्ट्यांवर सोपवा, ते फार तोऱ्यात शिकवतात. तोवर दोरी तुमच्या हातात.